सदतीस नंबरची साल

काटकोन म्हणायचा, दगड कापणाऱ्याने रागावू नये. राग आला की हात जड होतो, हात जड झाला की पातं तिरकं जातं, आणि तिरकं गेलेलं पातं परत सरळ आणता येत नाही. हे तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा आणि स्वतः दिवसातून सात वेळा भडकायचा. फक्त करवत बंद असताना. चोवीस वर्षांत चालू करवतीवर त्याने आवाज चढवला नव्हता, हे मात्र खरं.

नाव त्याला होतं, पण ते हजेरीपटावर पडून असायचं. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारी ती संस्था. तिच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एका ओल्या खोलीत त्याचं राज्य होतं. खोलीत गोल पात्याची एक करवत, पात्यावर अखंड पडणारी पाण्याची धार, खाली राखाडी गाळ आणि त्या गाळाने महिन्यातून दोनदा तुंबणारी मोरी. मोरीसाठी अर्ज करून करून तो थकला आणि शेवटी त्याने स्वतःच एक लांब तार वाकवून ठेवली. भिंतीवर एका खिळ्याला काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या टांगलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. घरी जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेशी समांतर करून घ्यायचा. बायको म्हणायची, "आता घासालाही गुण्या लावा."

संस्थेची जहाजं दूर समुद्रात जायची, तळावरून लोखंडी जाळं फरफटत न्यायची आणि काळे दगड वर आणायची. समुद्राच्या तळाला भेगा असतात, त्यांतून लाव्हा बाहेर येतो आणि गार पाण्यात थिजतो. त्याचे हे दगड. काटकोनकडे ते यायचे तेव्हा उशीसारखे फुगलेले, ओबडधोबड असायचे आणि वरून काळीभोर, काचेसारखी चमकणारी साल असायची. तो लागला त्याच वर्षी जुन्या मोठ्या साहेबांचा लेखी हुकूम निघाला होता. प्रत्येक नमुना दहा सेंटिमीटर लांब, सहा रुंद आणि सहा उंच कापावा, वरचा काळा थर काढून टाकावा. का, तर दगड ठेवायचे खण त्या मापाचे बनून आले होते. म्हणजे माप ठरवलं फर्निचरवाल्याने आणि सही केली साहेबांनी.

काटकोनला मात्र हुकूम मनापासून आवडला. तीनशे चाळीस दगड त्याने चौकोनी केले. खण ओढला की कडेला कडा भिडलेली, कोपऱ्याला कोपरा. कुठे एक सूत इकडेतिकडे नाही. पाहुणे आले की त्यांना हे खण दाखवत, आणि पाहुणे "वा!" म्हणत. त्या "वा!"वर काटकोनने चोवीस वर्षं काढली.

आणि मग बुडबुडेबाई आली.

ती नव्याने रुजू झालेली संशोधक. वय असेल तिशीचं. येता-जाता दगडातल्या बुडबुड्यांबद्दल बोलायची म्हणून आठवड्याच्या आत तिचं हे नाव पडलं. एका सकाळी ती सदतीस नंबरचा दगड हातात घेऊन काटकोनच्या दारात उभी राहिली.

"काका, याची साल कुठंय?"

"कसली साल?"

"वरचं काळं. काचेसारखं."

"ते काढून टाकतात," काटकोन म्हणाला. "ते काढलं म्हणून तर तुमच्या हातात एवढा सुबक दगड आहे."

ती मटकन स्टुलावर बसली. मग तिने सांगायला सुरुवात केली. पृथ्वी गोळा होत होती तेव्हा जो वायू तिच्या पोटात अडकला, तो अजून खोल आत थोडाथोडा शिल्लक आहे. लाव्हाबरोबर तो वर येतो. लाव्हाला गार पाणी लागलं की बाहेरचा थर क्षणात काच होऊन जातो आणि त्या काचेतल्या बारीक बुडबुड्यांत तो वायू कोंडला जातो. दगडाचा गाभा सावकाश थंड होतो. तोवर वायू निघून गेलेला असतो. गाभा चुरून बघितला, त्यात काही नाही. जे आहे ते सालीत.

चौथ्या वाक्याला काटकोनच्या सगळं लक्षात आलं होतं. तो काही अडाणी नव्हता. केळं सोलावं, साल हातात ठेवावी आणि केळं फेकून द्यावं, असं काहीतरी तो चोवीस वर्षं करत आला होता, आणि तेही मापात.

"मॅडम, मला काम आहे," तो म्हणाला. ती गेल्यावर त्याने मोरीतली तार उचलून भिंतीवर मारली.

दुपारी नव्या मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. काटकोन जुना हुकूम घेऊनच गेला. तो त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. जपून ठेवण्यासारखा आहे असं तेव्हा वाटलं होतं.

"हे बघा. सही बघा. मी काय मनाने कापलं?"

"अहो, तुम्हाला कोण दोष देतंय?" साहेब म्हणाले. "तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. कुणाचीच चूक नाही."

कुणाचीच चूक नाही असं म्हटलं की सगळ्यांचे डोळे जिथे वळतात, तिथे काटकोन बसला होता. त्याला साहेबांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

बाकीच्या दगडांचं तेवढं अडत नव्हतं, बुडबुडेबाईने सांगितलं. त्या जागांवरून नवे दगड आणता येतील, सालीसकट. अडलं होतं सदतीसवर. तो ज्या भेगेतून आला तिथून दुसरा दगड कधी आलाच नाही. पुढच्या फेरीत तिथेच जाळ्याची दोरी तुटली, मग ते जहाज मोडीत निघालं, आणि इतक्या खोल जाईल असं दुसरं जहाज संस्थेकडे नाही. त्या भेगेखाली अगदी जुना वायू असावा, असा तिचा अंदाज होता. अंदाज खरा की खोटा, हे सांगणारी एकच वस्तू जगात होती आणि तिच्यावरून काटकोनचं पातं फिरलं होतं.

"साली टाकायचात कुठे?" साहेबांनी विचारलं.

"बादलीत. बादली मागच्या भिंतीशी ओतायची."

"आणि तिथे आता काय आहे?"

तिथे आता गाड्या लावायची जागा होती. सालींचा ढीग भरावात गेला होता आणि भरावावर काँक्रीट. काटकोन तिथे जाऊन उभा राहिला. साहेबांची गाडी, बुडबुडेबाईची दुचाकी, कुणाची तरी टायर बसलेली जुनी मोटार, आणि त्याखाली पृथ्वीचा जन्म. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून तो रखवालदारावर ओरडला, की टायर बसलेली गाडी इथे कशी राहू दिली.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. करवतीशी उभा राहिला की हात जड व्हायचा, म्हणून तो करवत सुरूच करेना. त्याला त्या पोरीची कीव येत होती हे खरं, पण तो जळत होता ते स्वतःसाठी. चोवीस वर्षं एकही दगड वाया घालवला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आता हिशेब उलटा लागत होता. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस वाया.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो घराच्या मागच्या दारी बूट काढत बसला होता. तिथे धुण्याचा एक ओटा होता. बायकोने कढत पाण्याची बादली ओट्यावर टेकवली, थोडं पाणी कडेवरून ओघळलं, आणि ओट्याच्या दर्शनी बाजूतून आवाज आला. चट्.

"हे काय वाजलं?"

"फुलाचं मधलं," बायको म्हणाली. "गरम पाणी पडलं की कधीकधी वाजतं. पूर्वी फार वाजायचं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या घरचा ओटा त्याला आठवला कसा नाही? त्याला कारण होतं. ओटा हा विषय त्या घरात बंद होता.

झालं असं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जमलेली बादलीभर साल त्याने जुन्या साहेबांना विचारून घरी आणली होती. "कचराच आहे, न्या की," साहेब म्हणाले होते. तेव्हा हा ओटा नवा बांधत होते आणि बायकोने हौसेने सांगितलं होतं, की दर्शनी बाजूला या काळ्या तुकड्यांचं एक फूल काढा. काटकोनने दोन रविवार खपून तुकडे बसवले. रांगेत. एका रांगेत दहा, कापले त्या क्रमाने, एक ते बावन्न.

"फूल कुठंय?" बायकोने विचारलं होतं.

"असं नीट दिसतं," तो म्हणाला होता.

तिने सहा वर्षं ते नीट दिसणं सोसलं. मग ओट्याखालचा नळ फुटला, गवंड्याने दर्शनी भाग फोडला, आणि काटकोन कामावर असताना तिने आपल्या मनासारखं फूल बसवून घेतलं. पाकळ्या लहानमोठ्या, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. तो घरी आला, त्याने पाहिलं, आणि अकरा दिवस नवराबायको मुलीमार्फत बोलत होते. बाराव्या दिवशी तो "असू दे" म्हणाला, आणि त्यानंतर त्या भिंतीकडे त्याने नीट बघितलं नाही. माणूस डोक्यातला एखादा खण बंद करतो तो असा.

आता तो ओट्यासमोर गुडघे टेकून बसला होता.

"सगळा क्रम घालवलास! चौथी रांग, सातवा तुकडा. डोळे मिटून काढला असता मी. आता बावन्नातला सदतिसावा ओळखायचा कसा?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, याला पुढे कुणी विचारणार आहे म्हणून?" बायको म्हणाली. "आणि तुमच्या रांगांनी कुणाचं काय भलं केलं होतं?"

"हा मधला. हाच वाजतो? दुसरा कुठला?"

"हाच. गवंड्याच्या टोपलीत होता तेव्हापासून वाजत होता. उन्हात ठेवला की चट्, पाणी मारलं की चट्. बोलतोय असं वाटलं, म्हणून मधे घेतला."

"मला कधी सांगितलं नाहीस ते!"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, सिमेंट फुगलंय."

तो तसंच म्हणाला असता, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कापणीची जुनी वही काढली. नंबर सदतीस, तारीख, आणि शेराच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: "कापताना दगडातून चट् चट् आवाज. पातं तपासलं. पात्याच्या कडेचा एक तुकडा उडालेला. पातं बदललं." वाजत होता दगड आणि त्याने संशय घेतला होता पात्यावर. वही घेऊन तो बुडबुडेबाईकडे गेला. तिने शेरा तीनदा वाचला. खोल पाण्याच्या दाबाखाली कोंडलेला वायू वर आल्यावर काच फोडून बाहेर पडतो, त्याचा हा आवाज, तिने सांगितलं. असा दगड क्वचित मिळतो.

"म्हणजे वाजला की वायू गेला?"

"त्या बुडबुड्यातला गेला."

"आणि माझ्या बायकोने अठरा वर्षं त्यावर कढत पाणी ओतलंय."

बुडबुडेबाईने वही मिटली. मग म्हणाली, "सगळे नसतील फुटले, काका."

रविवारी त्याने ओटा कापला. छिन्नी चालली नसती. एक ठोका वेडावाकडा बसला की साल तडकणार. त्याने हातातली छोटी चक्री आणली, तुकडा तापू नये म्हणून बायकोला थंड पाण्याची झारी धरून उभी केली आणि तुकड्याभोवती बोटभर सिमेंट राखत तीन तास कापत राहिला.

"धार हलवू नकोस."

"हात आहे, नळ नाही."

"हलवू नकोस म्हणतो ना."

"माझं फूल मीच फोडून देतेय, वर बोलणी पण मीच खाऊ?"

त्याने आवाज चढवला नाही. चक्री चालू होती, हे एक कारण. शेवटी मधला तुकडा सिमेंटसकट हातात आला आणि फुलाच्या मधोमध तळहाताएवढं वाटोळं भोक पडलं. तो तुकडा त्याने टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवला. बायको भोकाकडे बघत उभी होती. "नीट दिसतं का आता?" तिने विचारलं. काटकोनला वाटलं, आपण माफी मागावी. पण मागायची कशी याचा सराव नव्हता.

संस्थेत त्याने सिमेंट कणाकणाने उतरवलं आणि सालीची कापलेली बाजू सदतीस नंबरच्या ठोकळ्याशेजारी धरली. दोन्हींवर कड उडालेल्या पात्याचा एकाच अंतराने पडलेला ओरखडा होता, आणि ठोकळ्यातली पांढऱ्या स्फटिकांची एक रेघ पात्याच्या जाडीएवढी जागा सोडून सालीत पुढे गेली होती. बुडबुडेबाई श्वास रोखून बघत होती.

"श्वास सोडा, मॅडम. तुमचा श्वास आत जाणार नाही त्याच्या."

पण तसं म्हणणं घाईचं ठरलं. वायू मोजायची पद्धत अशी होती: सालीचे कण एका पोलादी नळीत घालायचे, नळी बंद करून दहा दिवस तापवायची आणि आतली सगळी हवा पंपाने ओढून काढायची. मग आतल्या आत कण चुरायचे. जे निघेल ते यंत्राकडे. बाहेरच्या हवेचा एक घोट जरी आत गेला तरी सगळं मुसळ केरात. तिने अर्धी साल घातली. दहा दिवस झाले. काटकोन काही काम नसताना जिने चढून वर गेला आणि कोपऱ्यात उभा राहिला. तिने कण चुरले, पडद्याकडे पाहिलं आणि डोकं टेबलावर टेकवलं.

"हवा," ती म्हणाली. "आपली. या खोलीतली. कुठूनतरी शिरली."

"चार अब्ज वर्षं पृथ्वीने सांभाळलं, मग त्या दगडाने," काटकोनचा आवाज चढला, "मधे मी त्याला कापलं, सिमेंटात पुरलं, बायकोने उकळलं, तरी त्याने सांभाळलं! आणि तुमच्या या नळीला दहा दिवस जमलं नाही? दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आम्ही वर आलो, ती वीट ही अशी!"

ती रडायला लागली. मग तो स्वतःवरच चिडला, खाली गेला, आणि गुण्या घेऊन परत आला.

नळीच्या तोंडाला दोन पोलादी चकत्या होत्या, मधे तांब्याचं कडं आणि भोवती सहा बोल्ट. त्याने गुण्या टेकवला आणि फटीशी बॅटरी धरली. एका बाजूने उजेड दिसत होता, केसाएवढा.

"कुणी आवळलं हे?"

"मी."

"ओळीने आवळले ना? एकाशेजारी एक?"

"हो."

"समोरासमोर आवळायचे असतात. इकडे थोडा, पलीकडे थोडा, परत इकडे. नाहीतर चकती तिरकी बसते. हे तुम्हाला इतक्या शिक्षणात कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं, ती म्हणाली. नवं कडं घालून त्याने स्वतः बोल्ट आवळले. अर्धा तास लावला. सहाच बोल्ट, पण प्रत्येकाला चौदा वेळा हात लागला. उरलेली साल आत गेली. आता हातचं राखलेलं काही नव्हतं.

पुन्हा दहा दिवस. या दहा दिवसांत काटकोन इतका चिडचिडा झाला की बायकोने त्याचं ताट मुद्दाम तिरकं ठेवायला सुरुवात केली, म्हणजे निदान कारण तरी मिळेल. अकराव्या दिवशी बुडबुडेबाईने कण चुरले. पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट होती. मग रेघ वर चढली आणि वरच राहिली.

"आहे, काका," ती हळूच म्हणाली. "हेलियम आहे, आणि जुना आहे. मला वाटलं होतं त्याहून जुना. आपल्या हवेचा अंशही नाही त्यात."

काटकोन खुर्ची शोधून बसला. गेल्या सव्वा महिन्यात त्याच्या छातीवर जो ठोकळा बसला होता तो एकदम हलला. निदान एक तरी वाया गेला नाही.

"किती निघाला?"

"टाचणीच्या टोकावर ठेवला तर टोक रिकामं दिसेल."

"आणि आहे कुठे आता?"

"मोजून झाला. पंपाने बाहेर सोडला."

"बाहेर?"

तिने खिडकीजवळच्या पितळी नळीकडे बोट केलं. नळीचं तोंड मागच्या बाजूला होतं, गाड्यांच्या वर. काटकोन खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, आणि याचाच त्याला राग आला.

निकाल गाजला. साहेबांनी सभेत भाषण केलं, त्यात "आपल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी योगायोगाने" असे शब्द होते. आठ दिवसांनी कागद निघाला, वरातीमागून घोडं यावं तसा. यापुढे नमुने कापू नयेत. साल जपावी. खणांची गरज असल्याने, पूर्वीचे कापलेले ठोकळे, ज्यांची सर्व मोजमापं झाली आहेत, ते काढून टाकावेत. कार्यवाही: करवत विभाग. करवत विभाग म्हणजे काटकोन.

म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी कागद आला तेव्हा त्याने साली बादलीत टाकल्या होत्या, आणि आता कागद आला तर त्याच बादलीत ठोकळे टाकायचे होते. बुडबुडेबाई साहेबांकडे जाऊन भांडली. काटकोन म्हणाला, "राहू द्या मॅडम, जागा लागणारच." मग दोन दिवस तो खण ओढत होता आणि ठोकळे काढत होता. टाकताना ते तो बादलीत कडेला कडा लावून ठेवत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एक ठोकळा मात्र त्याने विचारून घेतला.

"कचराच आहे, न्या की," हे साहेबही म्हणाले.

रविवारी सकाळी तो सदतीस नंबरचा ठोकळा घेऊन ओट्यासमोर बसला. फुलाचं भोक तसंच होतं. ठोकळा उभा धरून त्यात घातला तर दोन कोपरे आत गेले आणि दोन अडले. जाणारच नव्हता, वाटोळ्या भोकात चौकोन. त्याने ठोकळा मांडीवर घेतला, कोपऱ्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलली. चोवीस वर्षं त्याच्या हातून एक कोपरा उडाला नव्हता. हातोडी वरच राहिली. त्याला स्वतःची भयंकर चीड आली, की एका दगडासाठी, तेही टाकून दिलेल्या, आपल्याला रडू यावं.

बायको धुण्याची बादली घेऊन आली. तिने त्याच्याकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं, बादली खाली ठेवली.

"आणा ती छिन्नी इकडे."

"तुला जमणार नाही. कोपरा सरळ उडवावा लागतो."

"कोपऱ्याला हात नाही लावत मी."

तिने छिन्नी भोकाच्या कडेला टेकवली आणि ठोका घातला. पाकळीचं टोक उडालं. मग दुसरी पाकळी. ज्या फुलासाठी ती अकरा दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती, त्या फुलाच्या चार पाकळ्या तिने आतून फोडल्या आणि वाटोळ्या भोकाला चार कोपरे काढले. काळे तुकडे तिच्या पायाशी पडत होते. काटकोन "अगं, अगं" म्हणत राहिला, पण तिने काही त्याचं ऐकलं नाही.

ठोकळा आत बसला.

"गुण्या लावा," ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "सरळ आलाय का बघा. नंतर ऐकून घेणार नाही मी."

त्याने गुण्या लावला. कडेशी डोळा नेला. डाव्या बाजूला उजेडाची फट होती, सूतभर, कदाचित सुताहून थोडी जास्तच.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि सिमेंट कालवायला बसला.